हिवराळे मॅडमचा ब्रुनो, गल्लीचा वाघ्या

"डॉक्टर, कुत्रा वापस करता येतो का?"

हिवराळे मॅडम दवाखान्याच्या दारात उभ्या होत्या. हातात पट्टा होता, पट्ट्याला कुत्रा नव्हता. मी एका पोट फुगलेल्या शेळीच्या घशात नळी घालून गॅस काढत होते. शेळीच्या मालकानं तिची शिंगं धरली होती, पण लक्ष सगळं मॅडमकडं.

"आजारी आहे का?" मी विचारलं.

"आजारी? लय मजेत आहे. कमलकाकूच्या ओट्यावर पाय ताणून झोपला आहे. दवाखान्यात चाल म्हटलं तर उठला नाही. पट्टा दाखवला तर तोंड फिरवलं. डॉक्टर, हा कुत्रा घ्या असं तुम्हीच म्हटलं होतं. आता तुम्हीच सांगा, तो माझा आहे की काकूचा?"

"मॅडम, कुत्र्याचं काय घेऊन बसल्या," शेळीचा मालक म्हणाला. "इथं माही शेळी मरून राह्यली."

शेळी मरत नव्हती. मी नळी काढताच तिनं मोठा ढेकर दिला आणि त्याच्या शर्टाची बाही चावायला घेतली. त्याला बाहेर पाठवलं आणि मॅडमना खुर्ची दिली.

मी जनावरांची डॉक्टर. धामणगाव बढे इथं बसस्टँडमागं माझा खाजगी दवाखाना आहे. माझे पेशंट म्हणजे गायी, म्हशी, बैल, शेळ्या. कुत्रा आमच्याकडं सहसा स्वतःच्या दुखण्यासाठी येत नाही. तो कोणाला तरी चावलेला असतो, म्हणून माणसं विचारायला येतात. त्यामुळं मागच्या पावसाळ्यात हिवराळे मॅडम "माझ्या लाइफस्टाइलला कोणतं ब्रीड सूट होईल?" असं विचारत आल्या तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. कॉलेजात शिकलेलं काहीतरी अखेर कामाला येणार होतं.

मॅडम इथल्या हायस्कूलला सायन्स शिकवतात. वय चाळिशीच्या आसपास. लग्न केलं नाही, करायचं नाही, आणि त्यावर कोणाशी चर्चाही करायची नाही. आईवडील दुसरबीडला भावाकडं असतात. मॅडमनी गावाच्या कडेच्या प्लॉटवर दोन खोल्यांचं घर बांधलं आणि एकट्या राहायला लागल्या.

कुत्रा सुचवायचा तर आधी माणसाचा दिनक्रम विचारावा लागतो. कुत्रा किती तास एकटा राहणार, त्याला फिरवणार कोण, घरात पाहुणे किती, हे सगळं. मी एकेक विचारत गेले.

"सकाळी कधी उठता?"

"जाग येईल तेव्हा."

"संध्याकाळी?"

"शाळेतून आले की चहा घेते. मग ओट्यावर बसते."

"आणि रविवारी?"

"कधी बुलढाण्याला चक्कर. पौर्णिमा असली तर विहारात जाऊन येते. नाहीतर काहीच नाही."

"काहीच नाही म्हणजे?"

"म्हणजे काहीच नाही. पडून राहते."

कोणी पेढ्यांचा बॉक्स उघडून दाखवावा आणि पुन्हा झाकण लावावं, तसं मला झालं. आमच्या घरी सासूबाई, सासरे, दीर, जाऊ आणि चार पोरं. मी बाथरूममध्ये असले तरी दाराबाहेरून कोणीतरी विचारतं, गॅसचा नंबर लावला का? ही बाई माझ्यासमोर बसून "काहीच नाही" म्हणत होती, तेही तक्रारीच्या सुरात. मला तिचा हेवा वाटला. थोडाथोडका नाही.

तो गिळून मी सल्ला दिला. गावठी कुत्रा घ्या. उन्हाळा त्याला बाधत नाही, केस विंचरायची भानगड नाही, तुम्ही शाळेत असताना तो घर डोक्यावर घेणार नाही. कापसाच्या जिनिंगच्या मागं एका कुत्रीला पिल्लं झाली होती. त्यातलं एक तांबूस, कानावर पांढरा ठिपका असलेलं पिल्लू मीच निवडून दिलं. मॅडमनी त्याचं नाव ब्रुनो ठेवलं. खाण्यासाठी पाकिटातलं फीड मी लिहून दिलं. शाळेच्या वेळात त्याला समोरच्या कमलकाकूकडं ठेवा, हेही मीच सुचवलं. काकूंचं मोठं शेतकरी कुटुंब, दिवसभर दार उघडं. मला वाटलं, सगळं जमलं.

आता उन्हाळा तोंडावर आला होता, पिल्लाचा कुत्रा झाला होता, आणि मॅडम रिकामा पट्टा घेऊन बसल्या होत्या.

"मला वन-मॅन डॉग पाहिजे होता," त्या म्हणाल्या. "एकालाच मानणारा. जर्मन शेफर्ड. मलकापूरच्या एका माणसाकडं पिल्लू पाहून ठेवलं आहे. येत्या रविवारी आणते. ब्रुनोला काकू ठेवून घेतील. ठेवलंच आहे म्हणा."

वन-मॅन डॉग म्हणजे घरात दहा माणसं असली तरी एकालाच धनी मानणारा कुत्रा. काही ब्रीड्समध्ये हा कल जास्त असतो, पण नुसत्या ब्रीडवर ते ठरत नाही. पिल्लू लहान असताना त्याला कोण हाताळतं, कोण भरवतं, त्यांना ते आपली माणसं समजतं. याला सोशलायझेशनचा काळ म्हणतात. ब्रुनोचा तो काळ कमलकाकूच्या ओट्यावर गेला होता, माझ्याच सल्ल्यानं. हे मी त्या वेळी मोठ्यानं बोलले नाही.

"मॅडम, शेफर्डच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. आतला लोकरीसारखा. आपला मे महिना तो कसा काढेल?"

"कूलर लावीन."

"तुम्ही शाळेत गेल्यावर लाइट गेली तर?"

मॅडम पट्टा बोटांना गुंडाळायला लागल्या.

"आणि इलेक्शन ड्यूटी लागली, ट्रेनिंगला पाठवलं, तर? तो दुसऱ्या कोणाच्या हातचं खाणार नाही. उपाशी दारात बसून राहील."

"तेच तर पाहिजे मले!" मॅडम शाळेतल्या मराठीवरून एकदम घरच्या बोलीवर आल्या. "मी नसली तर कोणाले तरी घास गोड लागला नाही पाहिजे. एकाले तरी. इतकं बी मागू नये का मानसानं?"

त्यांचे डोळे भरून आले होते. आणि मला काय वाटलं ते खरं सांगते, मला राग आला. मी दोन दिवस माहेरी गेले तर आमच्या घरात सगळ्यांचे घास अडतात, कारण पोळ्या मी करते. आपल्यावाचून कोणाचं काही अडू नये, हे माझं कधीच खरं न होणारं स्वप्न. ही बाई ते रोज जगत होती आणि वर रडत होती. पण कुत्रा मी निवडला होता. गावात डॉक्टरीणबाईंनी चुकीचा कुत्रा दिला अशी बोंब झाली असती. मी म्हटलं, "संध्याकाळी घरी येऊन पाहते."

संध्याकाळी मॅडमच्या ओट्यावर बसलो. तिथून सगळी गल्ली दिसते. स्वयंपाकाची वेळ होती.

आमच्याकडं बहुतेक घरांत शेवटची भाकर कुत्र्याची असते. कोणी शिकवत नाही, कोणी विसरतही नाही. भाकरी थापून झाल्या की शेवटची बाजूला निघते आणि घरातलं कोणीतरी ती दाराबाहेर घेऊन येतं. ब्रुनोला हे पक्कं ठाऊक होतं. तो काकूच्या ओट्यावरून उठला, आळस दिला आणि फेरीला निघाला. पहिल्या दाराशी बसला. "वाघ्या, ये रे," आतून हाक आली. भाकर मिळाली. पुढच्या दाराशी गेला. तिथंही वाघ्याच. पूर्ण गल्लीत त्याला ब्रुनो म्हणणारं एकच माणूस होतं.

मॅडम मला सगळं सांगत होत्या. "आता पाहा, तिथं बट्टी मिळेल. काल त्यांच्याकडं वरण-बट्टी होती, त्यातली शिळी उरली असेल. त्या घरी तो दोन पायांवर उभा राहतो. माझ्यासमोर आजपर्यंत उभा राहिला नाही. आणि त्या पोरीचा हात चाटतो, पाहा, पाहा!" नवऱ्यावर पाळत ठेवणारी बाईही इतकं बारीक पाहत नसेल.

शेवटी ब्रुनो आमच्याकडं आला. शेपटी हलवली, मॅडमच्या पायाचा वास घेतला. वाडग्यात फीड भरलेलं होतं. त्यानं ते हुंगलं आणि पायरीवर पसरला.

मी पाणी प्यायला आत गेले. स्वयंपाकघर आरशासारखं स्वच्छ. जेवण तयार होतं. दोन पोळ्या, वाटीभर भाजी. एकटं माणूस मोजूनच करतं. त्यातली दुसरी पोळी तीच शेवटची, आणि ती मॅडमना स्वतःलाच लागायची. कुत्र्यासाठी बाजूला काढावं असं त्या घरात काही शिजतच नव्हतं. मला ते दिसलं, पण त्याचं काय करायचं ते तेव्हा सुचलं नाही. उलट एक भांडं घासून संपणारा स्वयंपाक पाहून पुन्हा हेवा वाटला.

समोरून कमलकाकूंनी हाक मारली. "डॉक्टरीणबाई, चहा घ्याले या! वाघ्याले काही झालं का? मॅडम उगीच काळजी करतात. मी हाय ना."

"मी हाय ना," मॅडम दातांतल्या दातांत पुटपुटल्या.

मी दुसरा उपाय काढला. ब्रुनो वयात आला होता. या वयात नर भटकतात. नसबंदी केली तर भटकणं बरंच कमी होतं. शिवाय टाके सुकेपर्यंत त्याला घरातच ठेवावं लागतं. तेवढे दिवस तो मॅडमजवळच राहील. मॅडमनी विचार केला. मलकापूरला फोन लावला आणि पिल्लू एवढ्यात नेत नाही, थोडं थांबा, असं सांगितलं. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "हा शेवटचा चान्स. त्याचाही आणि तुमचाही."

ऑपरेशनच्या आधी जनावराचं पोट रिकामं लागतं. भूल दिल्यावर उलटी झाली आणि ती श्वासनलिकेत गेली तर जीव जाऊ शकतो. मी मॅडमना हे दोनदा बजावलं. ठरल्या दिवशी सकाळी मॅडम ब्रुनोला घेऊन आल्या. मागोमाग काकूही आल्या, कोणी न बोलावता. मी गुंगीचं पहिलं इंजेक्शन दिलं. या इंजेक्शननं पोटात काही असलं तर लगेच बाहेर येतं.

आलं. ज्वारीची भाकर आली. बट्टीचे तुकडे आले. पोहे आले, त्यातले शेंगदाणे अख्खे. शेवटी शिरा आला, तुपातला. टेबलावर सगळ्या गल्लीचा नाश्ता मांडला होता.

"हे कोणी चारलं?" मी ओरडले.

"मी काही नाही दिलं," काकू म्हणाल्या. "नुसता शिरा दिला. थो बी चमचाभर. उपाश्यापोटी कापता का जनावराले? पाप लागन."

"आणि बाकीचं?"

"बाकीच्याइनं दिलं असन. आज त्याचं ऑपरेशन हाय म्हटल्यावर कोणाचं मन राह्यते?"

मॅडमचा चेहरा लाल झाला. "काकू, रात्रीपासून त्याले उपाशी ठेवलं मी. माह्या तोंडाकडं पाहत बसला होता. मी बी जेवली नाही. सकाळी त्याले गेटापाशी बांधून रजेचा अर्ज द्याले शाळेत गेली, तेवढ्यात तुम्ही शिरा चारला. म्हणजे सुई मी टोचून आणाची, बांधून मी ठेवाचं, उपाशी मी माराचं. आन गोड तुम्ही व्हाचं! मंग थो माह्याकडं कायले येईन?"

"मंग तुम्ही बी चारा ना. कोणी हात धरला तुमचा?" काकूही काही कमी नव्हत्या. "दिवसभर थो माह्यापाशी रायते. संध्याकाळी तुम्ही येता आन गेट लावून घेता. तुमच्या गेटातून थो माह्याकडं पाहते, तवा मले काय वाटत असन?"

दोघी टेबलाच्या दोन बाजूंना. मधे ब्रुनो, गुंगीत, जीभ बाहेर. मी उलटी पुसत होते.

पुसताना मला आमची धाकटी आठवली. तिला खोकल्याचं औषध मी देते, मोबाइल मी काढून घेते, अभ्यासाला मी बसवते. सासूबाई तिला गोडी शेव देतात. शाळेतून आली की दप्तर माझ्या अंगावर टाकून ती पळते ती आजीच्या मांडीवर. सासूबाईंकडं मी वर्षानुवर्षं हसून बघत आले, पण तो शिरा टेबलावर पाहिला आणि कळलं की ते हसू नव्हतं. मॅडमचा मला त्या सकाळपर्यंत हेवा वाटत होता. आता मला मॅडमच्या बाजूनं काकूंशी भांडावंसं वाटत होतं.

पण डॉक्टरनं भांडायचं नसतं. "आज ऑपरेशन होणार नाही," मी सांगितलं. "परवा करू. आणि परवा याच्या पोटात एक शेंगदाणा जरी निघाला, तर मी कापणार नाही आणि पुन्हा या गल्लीत पाऊलही ठेवणार नाही." कोणी माझ्या म्हशीच्या डॉक्टरकीला घाबरलं नाही, पण काकूंना गल्लीत सांगायला ते बरं पडलं असावं. परवा पोट रिकामं होतं.

ऑपरेशन नीट झालं. ब्रुनोच्या गळ्यात प्लॅस्टिकचं नरसाळं घातलं, टाके चाटू नयेत म्हणून. आता तो कोणाच्या घरी जाणार?

"माह्या घरी चोवीस तास मानसं हायेत," काकू म्हणाल्या.

"म्हणूनच नको," मी म्हटलं. "जखमेला शांतता पाहिजे. ती मॅडमच्या घरी भरपूर आहे." हे वाक्य माझ्या तोंडून जरा कडू निघालं. मॅडमच्या ते लक्षात आलं नाही. त्या ब्रुनोला उचलून ऑटोत बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन. "डॉक्टर, तो काहीच खाऊन राह्यला नाही. फीड दिलं, दूध दिलं, अंडं दिलं."

"भाकर करा," मी म्हटलं.

"माझ्या एकटीसाठी मी भाकर करत नाही. भाकरीचा तवा माळ्यावर आहे."

"मग काढा. आणि एकटीसाठी करू नका. चार करा, शेवटची त्याला द्या."

पलीकडं डबे उघडल्याचे आवाज आले. मग म्हणाल्या, "पीठ बी नाही घरात."

पीठ समोरच्या घरात होतं. नंतर दोघींकडून वेगवेगळं ऐकलं त्यावरून सांगते. मॅडम वाटी घेऊन काकूंच्या दारात गेल्या आणि काही न बोलता उभ्या राहिल्या. काकूंनी पीठ दिलं आणि मागं मागं आल्या, कारण पीठ दिल्यावर भाकर कशी होते हे पाहिल्याशिवाय त्यांना राहवेना. पहिली भाकर तुटली. दुसरी एका बाजूनं जळली. काकू गॅसच्या ओट्यालगत उभ्या राहून पाणी कमी, आच जास्त असं सांगत होत्या आणि मॅडम ऐकत नव्हत्या. शेवटची त्यातल्या त्यात गोल निघाली. ब्रुनोनं नरसाळ्यातून तोंड घालून ती सगळी खाल्ली. "असली भाकर आमच्या घरी कोणी खाल्ली नसती," काकू मला म्हणाल्या. त्यांच्या आवाजात जे होतं ते मी लगेच ओळखलं. त्या गल्लीत हेव्याची लागण आता सगळीकडं पसरली होती.

टाके काढायला मी घरी गेले. ब्रुनो ओट्यावर मॅडमच्या पायावर डोकं ठेवून पडला होता. गेटात काकू उभ्या होत्या, हातात झाकलेली वाटी.

"वाघ्या, ये रे," काकू म्हणाल्या.

"ब्रुनो, बस," मॅडम म्हणाल्या.

ब्रुनोनं आधी इकडं पाहिलं, मग तिकडं. शेपटी दोन्हीकडं हलवली. उठला मात्र नाही. दोघींनी माझ्याकडं पाहिलं, जणू निकाल मी द्यायचा. मी बॅग ठेवली आणि कात्री काढली.

ब्रुनोनं मला पाहिलं. क्षणात तो उठला आणि घरात पळाला. नरसाळं दाराला आपटलं, खुर्चीला आपटलं, आणि तो कॉटखाली शिरला. आत भिंतीला चिकटून माझ्यावर गुरगुरायला लागला. मॅडम "ब्रुनो" करत कॉटच्या एका बाजूनं आडव्या झाल्या, काकू "वाघ्या" करत दुसऱ्या बाजूनं. एकीनं मागचे पाय धरले, दुसरीनं शिरा पुढं केला. मी फरशीवर पालथी पडून टाके काढले. शेवटचा टाका निघेपर्यंत तो माझ्यावर गुरगुरत होता. फक्त माझ्यावर.

"डॉक्टरीणबाई, तुमाले पाहून कसा पयाला!" काकूंना हसू आवरेना. मॅडमही हसायला लागल्या. दोघी फरशीवर बसून हसत होत्या. ब्रुनो बाहेर आला, दोघींच्या मधे बसला, माझ्याकडं पाठ करून. एकीचा हात त्याच्या मानेवर, दुसरीचा पाठीवर. मी दारात चप्पल घालत होते आणि कोणाचं माझ्याकडं लक्ष नव्हतं. या तालुक्यात मी बरा केलेला एकही प्राणी मला पाहून शेपटी हलवत नाही. मला पुन्हा हेवा वाटला, आणि या खेपेला मॅडमच्या रिकाम्या घराचा नाही.

शेफर्डचं पिल्लू दुसऱ्या कोणीतरी नेलं. ब्रुनोचं भटकणं कमी झालं, फेरी मात्र चालूच आहे. फक्त आता ती मॅडमच्या घरी सुरू होते आणि तिथंच संपते. एक घर वाढल्यानं त्याचं वजनही वाढलं आहे. मी ओरडले की मॅडम काकूंकडं बोट दाखवतात आणि काकू मॅडमकडं.

मध्यंतरी एक तरुण बँकवाला आला. एकटा राहतो, कोणतं ब्रीड घेऊ म्हणाला. मी त्याला उठायची वेळ विचारली नाही, रविवारही विचारला नाही. ते ऐकून माझीच तब्येत बिघडते. विचारलं एवढंच, "तुमच्या गल्लीत घरं किती आहेत, आणि त्या घरांनी तुमच्या कुत्र्याचे लाड केले तर तुम्हाला ते सहन होईल का?"

तो म्हणाला, विचार करून सांगतो. अजून आलेला नाही.